तळवा उलटा करून बघा

परवा सकाळी शेजारच्या गावातला एक मुलगा मोटारसायकलला डालं बांधून आमच्या दारात आला. आठवड्यापूर्वी त्याने कुणाकडून तरी वीस पिल्लं घेतली होती, शंभर टक्के कडकनाथ म्हणून. कडकनाथ म्हणजे नुसतं पीसच नाही, तर कातडी आणि मांसही काळं असलेली कोंबडीची जात. डाल्याचं तोंड सोडत म्हणाला, "काकू, खरी हायत का एवढं सांगा. म्हंजे अजून ऐंशी उचलतो."

मी एक पिल्लू हातात घेतलं. काळंभोर, चोच काळी, डोळे काळे, नडगी काळपट. दिसायला अगदी जसं हवं तसं. मग त्याला उताणं केलं आणि पायाचा तळवा बघितला. तळवा पिवळसर होता. पोटावरच्या लवेत हळूच फुंकर मारली, तर खालची कातडी गुलाबी-पांढरी. दुसरं पिल्लू घेतलं. त्याचा तळवा पाटीसारखा करडा-काळा आणि लवेखालची कातडी निळसर काळी. असं करत वीसही बघितली. सहा निघाली फिकी.

"म्हंजे चौदा खरी?" त्याने विचारलं.

नाही. चौदाही नाहीत. हे त्याला समजावून सांगताना दुपार झाली, आणि तो गेल्यावर वाटलं की हे सगळं एकदा लिहून ठेवायला हवं. आमच्या भागात अजूनही लोक काळं पीस बघून पैसे मोजतात.

आमचं गाव वाळवा तालुक्यातलं. 2018 च्या सुमाराला सांगली, कोल्हापूर, सातारा भागात कडकनाथची जी लाट आली, तिच्यात आमचंही घर गेलं. एका कंपनीची योजना होती: पैसे भरा, पिल्लं घ्या, अंडी आणि पक्षी आम्हीच परत विकत घेऊ. आम्ही एक म्हैस विकली आणि बचत गटातून कर्ज काढलं. 2019 मध्ये सगळं बंद पडलं. त्याच ऑगस्टात कृष्णेचा महापूर आला. पुढे पोलिसात तक्रारी झाल्या, मोर्चे निघाले, ते सगळ्यांनी वाचलेलं आहे. खाद्याचे पैसे उरले नाहीत तेव्हा लोकांनी पक्षी मिळेल त्या दराला काढले, काहींनी शिवारात सोडून दिले. आम्हीही बहुतेक सगळे विकले. एक कोंबडा आणि सात कोंबड्या तेवढ्या राहिल्या, त्या आमच्या आत्तींमुळे. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्या म्हणाल्या, "मी घालते त्यांना खायला. त्या मुक्या जिवांनी काय केलंय?"

त्या सात कोंबड्यांनी मला ही जात शिकवली. खरं तर त्या पूर्ण कडकनाथ नव्हत्याच, आणि म्हणूनच शिकता आलं.

2020 च्या टाळेबंदीत वेळच वेळ होता. कोंबड्या अंडी घालायच्या आणि निघून जायच्या. एकही खुडूक होईना. कडकनाथचा हा गुणच आहे, त्या अंड्यांवर क्वचितच नीट बसतात. दोन-चार दिवस बसून उठून गेली तर अंडी वाया. म्हणून शेजारच्या वैनींकडून त्यांची खुडूक झालेली गावरान कोंबडी मागून आणली आणि तिच्याखाली चौदा अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी अकरा पिल्लं निघाली. त्यातली आठ आई-बापांसारखी काळी. तीन मात्र वरून काळी, पण तळवे आणि कातडी फिकी.

मला काही सुचेना. खुराड्यात कोंबडा एकच होता आणि तो काळा. कोंबड्या सात, सातही काळ्या. बाहेरचा कोंबडा यायला जागाच नव्हती. मग ही तीन आली कुठून?

उत्तर दोन वर्षांनी घरातच मिळालं. मुलगा बारावीला होता, जीवशास्त्रात आनुवंशिकतेचं प्रकरण चालू होतं. वहीत चौकोन आखून तो त्यात मोठी-लहान अक्षरं भरत बसला होता. मी सहज म्हणाले, काळ्या कोंबडा-कोंबडीला फिकं पिल्लू कसं होईल रे? त्याने तोच चौकोन माझ्यासमोर धरला. "आई, दोघंही निम्मे असतील, म्हणजे काळेपणा त्यांना एकाच बाजूने आलेला असेल, तर चारातलं एक असंच येणार." अकरात तीन, हिशोब जवळजवळ बरोबर. त्या मुलाची वीसात सहा, तेही त्याच हिशोबात बसतं.

त्या चौकोनाला पनेट या आनुवंशिकतेच्या इंग्रज अभ्यासकाचं नाव आहे, आणि गंमत वाटावी असा योग म्हणजे याच पनेटने बेटसन या सहकाऱ्याबरोबर 1911 मध्ये काळ्या कातडीच्या कोंबडीवर निबंध लिहिला होता. त्यांनी केंब्रिजमध्ये चीनकडची सिल्की आणि युरोपातली तपकिरी लेगहॉर्न यांचा संकर करून पिल्लं मोजली होती. म्हणजे माझ्या खुराड्यातल्या प्रश्नावर शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी मन लावून बसलं होतं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

आता हा काळेपणा नेमका काय आहे ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय ओळख पटत नाही. अंड्यात पिल्लू घडत असताना त्याच्या पाठीच्या कण्याजवळून रंगपेशी निघतात. साध्या कोंबडीत त्या मुख्यतः पिसांच्या मुळांपाशी जाऊन थांबतात. कडकनाथमध्ये गुणसूत्र क्रमांक 20 वरच्या एका भागाच्या जास्तीच्या प्रती आहेत. त्या भागात एंडोथेलिन-3 नावाचं जनुक आहे, आणि ते रंगपेशींना 'वाढा आणि पुढे चला' असा निरोप देतं. निरोप जास्त, म्हणून पेशीही जास्त. त्या कातडीत, स्नायूंवरच्या पापुद्र्यांत, श्वासनळीत, हवेच्या पिशव्यांत, आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यात, हाडांवरच्या आवरणात, सगळीकडे जाऊन बसतात. हीच उलथापालथ चीनच्या सिल्कीत, इंडोनेशियाच्या अयाम चेमानीत, व्हिएतनामच्या काळ्या ह्मॉंग कोंबडीत आणि स्वीडनच्या स्वार्थोनातही सापडते. इतक्या लांबच्या देशांतल्या कोंबड्यांचं मूळ या एका बाबतीत एकच आहे.

आत्तींनी पहिल्यांदा एक कोंबडा कापला तेव्हा मी मुद्दाम जवळ बसले होते. मांडीचं हाड बाजूला घेऊन त्यांनी त्यावरून सुरी फिरवली. कोळशाच्या पुडीसारखा काळा, ओला पापुद्रा सुटून पात्याला चिकटला आणि खालचं हाड पांढरं निघालं. श्वासनळी तर शाईत बुडवल्यासारखी. रक्त मात्र लालच. 'काळं रक्त' असं कुणी सांगितलं तर तो माणूस एक तर ऐकीव सांगतोय किंवा विकायला बसलाय. अंडंही काळं नसतं. फिकट बदामी, त्यात किंचित गुलाबी झाक, आणि आकाराने लहान. वजन साधारण 40 ते 47 ग्रॅम. काळी अंडी म्हणून जे फोटो फिरतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

मध्य प्रदेशातला झाबुआ, अलिराजपूर, धार हा कडकनाथचा मुलूख. भिल्ल आणि भिलाला लोकांनी ही जात पिढ्यान्‌पिढ्या अंगणात सांभाळली, दिवाळीनंतर देवीला हाच पक्षी वाहिला. ते याला कालीमासी म्हणतात. काळ्या मांसाची, असा त्याचा अर्थ. हे नाव मला फार मोलाचं वाटतं. ज्यांनी जात राखली त्यांनी नाव मांसावरून ठेवलं, पिसांवरून नाही. पिसांनी फसणारे आपण नंतर आलो.

2022 च्या डिसेंबरात मी आणि माझे मिस्टर झाबुआला गेलो. पुण्याहून गाड्या बदलत मेघनगरला उतरलो, तिथून रस्त्याने. टेकडीटेकडीवर विखुरलेली घरं, त्यांना फळिया म्हणतात, आणि मधे ताडाची झाडं. एका घरी म्हातारीने आम्हाला खाटेवर बसवलं. तिची भाषा मला निम्मी कळत होती, माझी तिला निम्मी. कोंबडीला ती कुकडी म्हणायची. मी बॅगेतून आमच्या कोंबड्याचा फोटो काढून दाखवला, बरोबर उभा, तुरा ताठ. तिने फोटो बघितला आणि परत दिला, काही बोलली नाही. मग उठून अंगणातला एक कोंबडा धरून आणला, चोच उघडून मला त्याची जीभ दाखवली. जांभळट काळी. मग पंख उचलून काखेतली कातडी दाखवली. मग पाय उलटा करून तळवा. तिन्ही दाखवून झाल्यावर तिने माझ्या फोटोकडे बोट केलं आणि हात हलवला. फोटोत यातलं काहीच दिसत नव्हतं.

त्या कोंबड्याच्या मानेवर चंदेरी रेघा होत्या. सांगलीत असा पक्षी कुणी घेतला नसता. 'मिक्स आहे' म्हणून परत केला असता. पण कडकनाथचे तीन प्रकार मानतात: पूर्ण काळा, चंदेरी रेघांचा म्हणजे पेन्सिल्ड, आणि मानेवर-डोक्यावर सोनेरी झाक असलेला. तिन्ही आतून काळे. आपल्याकडे फक्त पहिल्याला मागणी, म्हणून लोक पीस काळं करण्याच्या नादात दुसऱ्या काळ्या कोंबड्यांशी लावतात आणि आतला काळेपणा घालवतात.

तुऱ्याचंही तसंच. काळाकुट्ट तुरा शोधणारे पुष्कळ भेटतात. कडकनाथचा तुरा आणि चोचीखालच्या लोंबत्या पाळ्या जांभळट असतात. उन्हात, जोमात आलेल्या नराच्या तुऱ्यात लालसर छटाही चढते. तुरा एकेरी, करवतीसारख्या दात्यांचा. पायाला बोटं चारच. कुणी पाच बोटांचा, रेशमी केसाळ पिसांचा पक्षी आणला तर त्याच्यात सिल्कीचं रक्त आहे असं समजा. नर वाढून 1.8 ते 2 किलोचा, मादी 1.2 ते 1.5 किलोची. तीन महिन्यांत दोन किलो झाला असं कुणी अभिमानाने सांगितलं तर मला वाईट वाटतं, कारण त्याच्या हातात कडकनाथ नाही. ही जात सावकाश वाढते. तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, अंड्यावर यायला सहा महिने लागतात, आणि वर्षाला शंभराच्या आतबाहेर अंडी मिळतात.

एक दिवसाचं पिल्लू निळसर काळं असतं आणि पाठीवर वेडेवाकडे गडद पट्टे असतात. कातडीचा काळेपणा जन्मतःच दिसतो, वाढल्यावर येईल असं सांगणाऱ्यावर विसंबू नका. गावरानातही काळी पिल्लं निघतात, पण त्यांच्या हनुवटीखाली आणि पोटावर बहुतेक वेळा पांढुरका डाग असतो.

आता त्या मुलाची चौदा पिल्लं खरी का नाहीत, त्याकडे येते.

काळा रंग पसरवणारं जनुक जोरकस आहे. त्याची एक बाजू जरी आली तरी पक्षी काळा होतो. पण त्याला अडवणारं दुसरं जनुक असतं, आणि ते लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलेलं आहे. कोंबड्यात हे गुणसूत्र दोन असतात, कोंबडीत एकच, आणि तिला ते बापाकडून येतं. पिवळ्या स्वच्छ पायांच्या फार्मच्या जाती, म्हणजे पांढरी लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, यांच्याकडे अडवणारं जनुक आहे. कडकनाथ कोंबडा आणि अशी फार्मची कोंबडी यांची पिल्लं बघा: माद्या बापावर जाऊन काळ्या, नर आईकडून अडवणारं घेऊन फिके. जोडी उलटी लावली, म्हणजे कोंबडी कडकनाथ आणि कोंबडा फार्मचा, तर सगळीच फिकी. बेटसन-पनेटना नेमकं हेच दिसलं होतं.

पण आपल्या गावरान कोंबड्यांत काळपट नडगीच्या पुष्कळ असतात. त्यांच्याकडे अडवणारं जनुक नसतं. कडकनाथ कोंबड्याखाली अशी गावरान कोंबडी ठेवली की पहिल्या पिढीची सगळी पिल्लं, नर काय आणि मादी काय, काळी. जीभ काळी, तळवा काळा, मांसही बऱ्यापैकी काळं. दिसण्यावरून त्यांना ओळखणं फार अवघड. लबाडी असो वा अज्ञान, बाजारात पसरलेलं हेच आहे. आमची सात आणि एक तशीच होती. त्यांची पिल्लं निघाली तेव्हा चारात एक फिकं पडलं आणि खरं बाहेर आलं. म्हणून त्या मुलाची चौदाही खरी नाहीत. सख्खी सहा भावंडं फिकी असतील तर आई-बाप निम्मे आहेत, आणि काळ्या चौदांतही बहुतेक निम्मेच. चार-पाचांत काळेपणा दोन्ही बाजूंनी आलेला असेल, पण ती कोणती हे आज तळवा बघून सांगता येणार नाही. तेही त्यांची पिल्लं निघाल्यावरच कळेल.

म्हणून माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे: एकटं पिल्लू बघून निर्णय घेऊ नका. आई-बाप बघा, आणि जमलं तर त्या जोडीची याआधीची पिल्लं बघा. विकणारा दाखवत नसेल तर परत या. "जीआय टॅगवाली पिल्लं" असं कुणी म्हणालं तर हेही लक्षात ठेवा की 2018 मध्ये जे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते 'झाबुआ कडकनाथ ब्लॅक चिकन मीट' या नावाने, म्हणजे झाबुआच्या मांसाला. सांगलीतल्या माझ्या पक्ष्याला ते लागू होत नाही, तो कितीही अस्सल असो. आणि कडकनाथने अमुक आजार बरा होतो, असं सांगून मी एक अंडंही विकत नाही. चवीसाठी घ्या, जात टिकावी म्हणून घ्या. औषध डॉक्टरकडे मिळतं.

झाबुआहून आम्ही पन्नास पिल्लं आणली, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. नुकत्या निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा उरलेला साठा असतो, त्यावर ते दोन दिवस निभावतं, म्हणून एवढा प्रवास शक्य झाला. तरी चार दगावली. घरी आल्यावर आधी बल्बची ऊब आणि गुळाचं पाणी, मग मानमोडीची लस. जुने आठ पक्षी मी वेगळ्या खुराड्यात ठेवले. आत्तींनी ते कुणाला द्यायला नकार दिला, आणि मीही आग्रह केला नाही. ते घरच्या अंड्यांसाठी राहिले. त्यांची अंडी मी उबवायला कुणाला देत नाही.

नव्या पक्ष्यांची वही ठेवलीय. प्रत्येकाच्या पायात रंगीत कडं, कुठल्या नराखाली कुठल्या माद्या, किती अंडी, किती पिल्लं, किती फिकी. नऊ माद्यांमागे एक नर. दर वर्षी नर बदलते, म्हणजे बाप-लेकीची गाठ पडत नाही. आत्तापर्यंत तीन पिढ्या झाल्या, दोनशे बारा पिल्लं निघाली. 'फिकी' या रकान्यात अजून एकही आकडा नाही. हा रकाना मी दर वेळी धडधडत्या छातीने उघडते.

त्या मुलाला मी पैसे परत मागायला सांगितलं. मिळतील का, माहीत नाही. तो गप्प बसून राहिला तेव्हा मला 2019 चं आमचं घर आठवलं, मी त्याला जेवूनच जा म्हणाले. जेवताना आत्तींनी त्याला विचारलं, "आता या वीस पिल्लांचं काय करणार?"

"पाळतो की, आज्जी. आणलीत तर पाळायलाच पायजेत."

आत्तींनी माझ्याकडे बघितलं. वैनींची गावरान कोंबडी कालपासून पुन्हा खुडूक होऊन कोपऱ्यात बसलीय, तिच्याखाली उद्या बारा अंडी ठेवणार आहे. निघाली की त्यातली सहा त्याची. मी वहीत त्याचं नाव लिहून ठेवलंय, आणि त्याला सांगितलंय, न्यायला येशील तेव्हा प्रत्येकाचा तळवा तूच उलटा करून बघायचास.